यादीतली आठवी खोली

थांब जरा. तो फोन टीव्हीला जोडायच्या आधी सांग, कोणाचा आहे? तुझाच ना? म्हणजे तुझे फोटो, तुझ्या आईचे मेसेज, त्या तुझ्या दोस्ताची मुक्ताफळं, सगळं त्यातच. मग ठेव खाली. सिनेमा कुठे पळून जात नाही. हसा, खुशाल हसा. म्हाताऱ्याला नवीन काही कळत नाही असंच वाटतंय ना? अरे, उभा जन्म वायरी ओढण्यात गेला माझा. कळत नाही म्हणून अडवत नाहीये, कळतंय म्हणून अडवतोय.

बसा असे जवळ. दिवा नको लावूस, राहू दे. ही कुठल्या पुस्तकातली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझ्यासमोर बसून बोलला, आणि बोलताना त्याच्या कपातला चहा बशीत सांडत होता.

माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस आहे तो. खिशाला कायम टेस्टर, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. लग्नाच्या कोटालाही लावला होता पठ्ठ्याने, फोटोत दिसतो. हात सोन्याचा, पण घाई फार. दोन कामं एका फेरीत उरकायची, असा स्वभाव. मी किती वेळा सांगितलं, बाबा रे, वीज कोणाची वाट बघत नाही आणि कोणाला माफही करत नाही. "हो काका" म्हणायचा आणि करायचं तेच करायचा.

पुढे वायरिंग सुटलं आणि त्याने नवं काम धरलं. ऑफिसांच्या मीटिंग रूममध्ये वायरशिवाय स्क्रीन दाखवायची सोय बसवायची. म्हणजे भिंतीवर मोठा टीव्ही, टीव्हीच्या मागे साबणाच्या वडीएवढी डबी. तुम्ही फोनमध्ये यादी उघडता, खोलीचं नाव दाबता, मग टीव्हीवर चार आकडी कोड येतो. तो टाकला की तुमच्या फोनवर जे आहे ते सगळं भिंतीवर. आता हा कोड कशाला? तर ती दाराची कडी. जो खोलीत बसलाय त्यालाच कोड दिसणार. बाहेरचा कोणी आत घुसणार नाही, आणि आतलं चुकून बाहेर जाणार नाही.

या धंद्यातली माणसं दोन गोष्टी सांभाळून असतात. चाचणी करताना आपला फोन कधी वापरायचा नाही, त्यासाठी वेगळा कोरा टॅबलेट ठेवायचा. कारण आपल्या फोनवर काय येईल याचा नेम नाही. टेस्टरच्याच एका गिऱ्हाइकाचं झालं होतं तसं. साहेब भर सभेत आकडे समजावून सांगतायत आणि वर बायकोचा मेसेज, 'तुमचे मोजे सापडले, फ्रीजमध्ये होते.' आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे आपलं जुनं. या डब्यांचा कारभार बरोबर उलटा.

दुसरी गोष्ट, आधी कोड लावायचा आणि मग खोली जोडायची. पण हे लोक काय करतात? दर वेळी कोड टाकत बसायचा कंटाळा. म्हणून सगळ्या खोल्यांचा कोड बंद ठेवतात, काम उरकतात आणि जाताना एकदम चालू करतात. म्हणजे घर बांधून होईपर्यंत सगळी दारं सताड उघडी.

गेल्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, वारा नाही, कुत्री रडत नव्हती. साधी शुक्रवारची रात्र. एका कंपनीने चौथ्या मजल्यावर नवं ऑफिस थाटलं होतं आणि शनिवारी सकाळी पाहुणे येणार होते. सात मीटिंग रूम. रंगवाल्याने उशीर केला, त्यामुळे टेस्टरला जागा मिळाली ती संध्याकाळी सातला. सकाळपर्यंत सगळं चालू हवं, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला. जेवून निघाला तेव्हा बायको दारात म्हणाली, "अहो, आज रात्री नाही गेलात तर नाही चालणार का? बबडीला तुमच्याशिवाय झोप लागत नाही."

बबडी म्हणजे त्याची लेक. पाच वर्षांची. बापाच्या पाठीवर बसूनच मोठी झालेली. त्याने तिची समजूत काढली, तिच्याशी लपाछपीचा एक डाव खेळला आणि तो खेळ फोनमध्ये टिपून घेतला. बबडी दाराला डोकं टेकून, डोळ्यांवर हात ठेवून मोजतेय. दहा, वीस, तीस... आणि तिसाला तिला हसूच फुटलं. तिथे व्हिडिओ संपला. मग आई आणि लेक आतून कडी लावून झोपल्या, आणि हा गेला कामाला.

अकराच्या सुमारास साती खोल्या जोडून झाल्या. मजल्यावर तो एकटा. खाली दारात वॉचमन मामा. आता एकदा शेवटची चाचणी घ्यायची, कोड चालू करायचे आणि घरी. टॅबलेट काढला तर तो मेलेला. चार्जर घरी. दुसरा कोणी असता तर चार्जर शोधला असता. आपला टेस्टर! खिशातून स्वतःचा फोन काढला आणि यादी उघडली.

खोली एक, खोली दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

आणि खाली, खोली आठ.

त्याला आधी स्वतःचाच राग आला. वाटलं, घाईत एखाद्या डबीला चुकीचं नाव दिलं. पुन्हा सगळ्या खोल्यांत जाऊन बघितलं. प्रत्येक टीव्हीवर आपापलं नाव बरोबर. मग त्याला वाटलं, एखादी जादा डबी कोणीतरी छतात चालू ठेवली असेल. ती तशीच सोडता येईना. उद्या एखादा पाहुणा चुकून आठ दाबायचा आणि त्याची गुपितं कुठे जाऊन पोचायची कोण जाणे! त्याने खाली फोन लावून मामांना विचारलं.

"मामा, या मजल्यावर अजून कुठे टीव्ही आहे का? त्या टोकाच्या भिंतीमागे काय आहे?"

"कुठली, लांब बोळातली? तिच्यामागे काय असणार! हवा. इमारतीची शेवटची भिंत आहे ती."

"बरं, खालच्या मजल्यावर?"

"तिथे अजून वीजच नाही रे बाबा. आटप आणि ये खाली, मी एकटा जांभया देतोय."

हरवलेली डबी शोधायची या लोकांची एक युक्ती असते. आपला फोन तिला जोडायचा, काहीतरी आवाजाचं लावायचं आणि फिरायचं. जिथून आवाज येईल तिथे डबी. अंधारात मांजर शोधतो तसं. टेस्टरने आठ नंबर दाबला. फोनने कोड मागितला नाही. जोडलं गेलं म्हणून हिरवी खूण आली. त्याला तेव्हा काही वाटलं नाही, सगळ्यांचाच कोड आज बंद होता. पण बाबांनो, बाकीच्या सात दारांच्या कड्या त्याने स्वतः काढल्या होत्या. आठव्या दाराला त्याने कधी हातही लावला नव्हता.

आवाजाचं काय लावायचं? फोनमध्ये सगळ्यात वर बबडीचा व्हिडिओ. तोच लावला.

आणि चालू लागला. पहिली खोली, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. बोळात आला तेव्हा ऐकू आलं. बारीक. टोकाकडून.

दहा...

तो पुढे गेला. कार्पेट नवं होतं, पावलं वाजत नव्हती.

वीस...

टोकाच्या भिंतीला त्याने कान लावला. कोरा रंग, अजून ओलसर.

तीस.

आणि हसू. बबडीचं ते खुदकन हसू, भिंतीच्या पलीकडे. जिथे चार मजले नुसती हवा.

टेस्टर म्हणतो, तेव्हासुद्धा मी घाबरलो नाही काका. वाटलं, आवाज पाइपातून येत असेल. इमारती आवाज कुठून कुठे नेतात ते तुम्हीच शिकवलंत. खरंय, शिकवलं होतं. त्याने फोनवर 'थांबवा' दाबलं. व्हिडिओ तसाही संपलाच होता. भिंतीपलीकडे शांतता झाली. त्याने श्वास सोडला.

चाळीस.

व्हिडिओ तिसाला संपतो, सांगितलं ना तुम्हाला? बबडी चाळीस म्हणालीच नव्हती त्या दिवशी.

आवाज तिचाच. बोबडेपणा तोच. फक्त आता हसू नव्हतं. सावकाश, एकेका आकड्याला थांबत. अलीकडे कोणीतरी ऐकतंय की नाही ते बघत असल्यासारखं.

पन्नास...

तेवढ्यात हातातला फोन थरथरला. नाव आलं, 'घर'. त्या मजल्यावर मोबाईलला रेंज नव्हती, फोनवरचं बोलणंसुद्धा ऑफिसच्या वायफायवरूनच चालायचं. त्याने घाईघाईने उचलला. बायको कुजबुजत होती.

"अहो... दाराबाहेर बबडी मोजतेय."

"काय? अगं, ती बाहेर गेलीच कशी? घे ना तिला आत आधी!"



"ती माझ्या कुशीत झोपलीय," बायको म्हणाली.

टेस्टर भिंतीपासून झटकन मागे सरला. 

"ऐका ना," बायको म्हणत होती, "आवाज तिचाच आहे हो. थंडीत उभी राहिल्यासारखा येतोय. जीव तुटतोय माझा. बघू का जरा उघडून?"

"नको!" तो ओरडला. "दार उघडू नकोस!"

आणि भिंतीपलीकडून, अर्ध्या श्वासाने मागून, त्याचाच आवाज आला. नको. दार उघडू नकोस.

 फोनमध्ये बायको एकदम जीव भांड्यात पडल्यासारखी हसली.

"अय्या! तुम्ही बाहेरच आहात की! ऐकला ना मी तुमचा आवाज दारातून. काय बाई माणूस आहे! आणि तो व्हिडिओ लावून मला घाबरवताय होय? मेले ना मी! थांबा, उघडते."

"अगं, मी ऑफिसात आहे! शपथ घेऊन सांगतो..."

अगं, मी ऑफिसात आहे, भिंत म्हणाली.

"पुरे आता नाटकं. बबडी उठेल. आले मी."

तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. फोन अजून आठव्या खोलीला जोडलेला होता. तो जे बोलेल ते त्या खोलीत जात होतं, आणि त्या खोलीतून त्याच्या घराच्या दारात. त्याने जितकं 'उघडू नकोस' म्हणावं, तितकी तिची खात्री होणार, की नवरा दारात उभा आहे. अरे, काय वाटलं असेल त्या माणसाला! घरात बायको, पोर, आणि त्यांना वाचवायचं म्हणजे तोंड शिवून घ्यायचं.

तो गप्प झाला.

आणि धावत सुटला.

फोनमधून ऐकू येत होतं. बायकोच्या चपलांचा आवाज. मग स्टूल ओढल्याचा. बबडी दार उघडून पळते म्हणून कडी वर बसवलेली, हात पोचायला स्टूल लागायचं.

साठ...

पॅनेलची खोली दुसऱ्या टोकाला. दार ढकललं. मेन स्विच खाली ओढला. सगळा मजला काळा.

सत्तर.

थांबलं नाही!  मग आठवलं. वायफाय बॅटरीवर. दिवे गेले तरी ते चालूच राहणार. बॅटरी कुठे? खाली... उजवीकडे... हाताने चाचपतोय. फोनमध्ये बायको म्हणतेय, "अहो, बोला ना. गप्प का झालात?"

तो बोलला नाही.

ऐंशी...

कडी सरकल्याचा आवाज. गंजलेली कडी, तेल घालायचं राहिलेलं. अर्धी सरकली.

वायर हाताला लागली.

नव्वद...

त्याने ओढली.

शांत. फोन तुटला. बोळातही काही नाही, भिंतीतही काही नाही. अंधारात तो गुडघ्यांवर बसलेला, हातात वायर. आणि फोनची स्क्रीन उजळली. मजल्यावर वीज नाही, वायफाय नाही, डबी नाही. स्क्रीनवर तीच हिरवी खूण.

खोली आठ. जोडलेले आहे.

त्याने फोन बंद केला आणि तिथेच टाकला. जिने उतरला की गडगडला, त्यालाही आठवत नाही. मामा दारात विचारत राहिले, अरे काय झालं, दिवे कसे गेले? त्यांच्या फोनवरून घरी सांगावं म्हटलं, तर नंबर? आजकाल कोणाला बायकोचा नंबर पाठ असतो का? तुम्हीच सांगा, तुमच्या आईचा नंबर तुम्हाला पाठ आहे? गाडी काढली आणि सुटला. वाटेत एकच विचार. अर्धी सरकलेली कडी. पुढची अर्धी सरकली का?

घरापाशी आला. जिन्यातला दिवा चालू. दार बंद होतं.

बंद. म्हणजे उघडलंच नाही? की उघडून पुन्हा बंद झालं?

त्याने हात वर केला दार वाजवायला, आणि हात तसाच राहिला. वाजवलं तर ती विचारणार, कोण? आणि तो काय म्हणणार? "मी." त्याच्या त्या 'मी'वर ती आता विश्वास ठेवणार नव्हती. ठेवायलाही नको होता. त्याचा आवाज आता त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

मग तो दारासमोर खाली बसला. थंडी मरणाची. तोंडातून अवाक्षर नाही. आत काही हालचाल आहे का, कान देऊन बसला. मध्यरात्रीनंतर कधीतरी आतून, दाराच्या अगदी जवळून, कोणीतरी नाक ओढलं. रडल्यावर ओढतो तसं. त्याने बायकोला ओळखलं. तीही दाराला टेकूनच बसली होती. मध्ये लाकडाची एक फळी. तिला माहीत नाही बाहेर कोण, आणि त्याला सांगता येत नाही. तो मला म्हणाला, "काका, इतकं प्रेम मला तिच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं, आणि मी एक हुंकारही देऊ शकत नव्हतो." आणि माझ्यासमोर ढसाढसा रडला. एवढा मोठा माणूस.

उजाडलं. शेजारची आजी कचरा ठेवायला बाहेर आली, त्याला बघून दचकली, म्हणाली, "अरे, तू बाहेर कसा? सूनबाई, अगं, नवरा कुडकुडतोय बाहेर!" तेव्हा कुठे कडी पूर्ण सरकली. बायको दारात. डोळे सुजलेले. दोघं एकमेकांना नुसती हात लावून बघत होती, खरं आहे ना म्हणून.

कडी अर्धी सरकवल्यावर तिने का थांबवली, ते तिने सांगितलं. मोजणं नव्वदला मध्येच तुटलं. तिने स्टुलावरून खाली वाकून दाराखालच्या फटीकडे बघितलं. जिन्यातला दिवा चालू होता, फटीत सगळीकडे सारखा उजेड. कोणाच्याच पावलांची सावली नव्हती. मग ती खाली उतरली आणि दाराला पाठ लावून बसली.

बबडी? ती गाढ झोपलेली. ढिम्म हलली नव्हती रात्रभर. नवराबायकोने ठरवलं, तिला या कशातलं काही म्हणजे काही सांगायचं नाही. आणि नाहीच सांगितलं. मामांनी फोन आणून दिला तो टेस्टरने चालू न करताच फोडून टाकला. दुसऱ्या माणसाने जाऊन त्या ऑफिसातलं काम पुरं केलं, कोड लावले. यादीत खोल्या सात. कितीही वेळा बघा, सातच. टेस्टर आता पंखे दुरुस्त करतो. घाई करत नाही. आधीपेक्षा बरं काम करतो म्हणा, पण हसत नाही फारसा.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. बबडी माझ्या मांडीवर येऊन बसली. वर्षभरात चांगली उंच झालीय. मी म्हटलं, चल, लपाछपी खेळू, मी लपतो, तू मोज. म्हातारा लपणार कुठे, पडद्यामागे उभा राहिलो. तिने दाराला डोकं टेकलं, डोळ्यांवर हात ठेवले. दहा, वीस, तीस... खणखणीत. साठ, सत्तर, ऐंशी, नव्वद.

आणि थांबली.

मी वाट बघितली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो बंद झाला. मी पडद्यातून डोकं काढून म्हटलं, "अगं, पुढे? शंभर राहिलं की!"

तिने डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. आता दाराला कान लावून म्हणाली, "शंभर मी नाही म्हणायचं, आबा. ते ती म्हणणार आहे."